लुका–डेव्हिस सौदा: नऊ महिन्यांनंतर कोणाच्या पदरात काय?

पॉइंटगार्ड_फोंडा · १३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

अखेर एनबीए बास्केटबॉलमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने आपला सरव्यवस्थापक निको हॅरिसन याला नारळ दिला. अकरा सामन्यांत आठ हार आणि घरच्याच प्रेक्षकांच्या 'निकोला काढा' अशा आरोळ्या. मालकांनी तरी किती दिवस कानात बोटं घालायची?

ती फेब्रुवारीतली रविवार सकाळ मला अजून आठवते. तारीख २, वेळ साडेदहा-अकराची. मी फोंड्याच्या मासळी बाजारात विसवणाचा भाव करत होतो. मित्राचा मेसेज आला, 'लुका लेकर्सला गेला.' मी उलट लिहिलं, 'एक एप्रिलला अजून वेळ आहे.' मग त्याने बातमीच पाठवली. मासेवाली विचारतेय, 'कापून देऊ?' आणि मी फोनकडे बघत नुसता उभा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डॅलसने लुका डॉनचिच, मॅक्सी क्लीबर आणि मार्कीफ मॉरिस असे तिघे दिले. लॉस एंजेलिस लेकर्सकडून अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा एक पिक घेतला. तिसरा संघ युटा, त्यांच्याकडे जेलन हूड-शिफिनो आणि दुसऱ्या फेरीचे दोन पिक गेले.

आता नऊ महिने झाले, डोकी थंड झाली असतील असं धरतो. 'कोण जिंकलं' हा प्रश्न मला नको आहे, त्यावर सगळ्यांचं एकमत आहे आणि म्हणून त्यात मजा नाही. प्रत्येक संघाच्या हातात त्या दिवशी काय होतं, त्याला काय हवं होतं आणि त्या हिशेबात त्याने बरं केलं का, एवढंच बघू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डेव्हिस वाईट खेळाडू नाही, मुळीच नाही. डॅलस चुकलं ते पावणी, म्हणजे लिलाव, न करता विकलं म्हणून. आमच्या गावच्या देवळात जत्रेनंतर देवाला आलेल्या फळांची पावणी होते. पन्नास रुपयांचा फणस दोघांच्या जिद्दीपायी हजाराला गेलेला मी पाहिलाय. आणि इथे पंचवीस वर्षांचा, आठ महिन्यांपूर्वी संघाला फायनलला नेलेला, सलग पाच वर्षं लीगच्या पहिल्या पाचांत निवडलेला खेळाडू. हॅरिसनने तो जानेवारीत कॉफी पिता पिता एकाच गिऱ्हाइकाला दाखवला. बाकीचे अठ्ठावीस संघ झोपेत. पुकारा नाही, बोली नाही.

---

मडगावकर_२३ · रात्री ९.५८

आम्ही लेकर्सवाले त्या कॉफीचं बिल आजन्म भरायला तयार आहोत. 😄

---

मांडवीपार · रात्री १०.१५

मी धेंपो-साळगावकरांच्या सामन्यांवर वाढलेला माणूस. बास्केटबॉल मुलामुळे बघायला लागलो, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसू नका. फुटबॉलमध्ये क्लब पैसे मोजतो आणि खेळाडू घेतो. इथे लेकर्सनी पैसे का नाही दिले? आणि हा 'पिक' म्हणजे नेमकं काय विकलं?

---

कुळागर · रात्री १०.३२

बाब, प्रश्न बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे.

एनबीएत खेळाडूची किंमत रोख मोजता येत नाही. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, तिच्या वर गेलात की एकेक दार बंद होत जातं. असा संघ खेळाडू घेतो तेव्हा जेवढा पगार आत येतो साधारण तेवढाच बाहेर जावा लागतो. लुका आणि डेव्हिस दोघांचाही पगार त्या वर्षी ४.३ कोटी डॉलरच्या आसपास होता, म्हणून पारडं सहज जुळलं. जुळेना तिथे युटासारखा तिसरा घ्यायचा आणि उरलेलं ओझं त्याच्या माथी मारायचं.

पिक म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतला तुमचा क्रमांक. दरवर्षी कॉलेजातून आणि परदेशातून पोरं येतात, संघ पाळीने निवडतात. हरलेल्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त. हा हक्क वर्षानुवर्षं आधी विकता येतो. २०२९ चा पिक म्हणजे अजून मोहोरही न आलेल्या झाडाचा आंबा.

फक्त एक बंधन आहे, लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देता येत नाहीत. १९८० च्या सुमारास क्लीव्हलंडचा मालक टेड स्टेपियन याने पिक असे उधळले की लीगला नियमच करावा लागला. अजून त्याच्याच नावाने ओळखतात. माणसाचं नाव राहतं ते असंही राहतं.

---

पॉइंटगार्ड_फोंडा · रात्री १०.४५

ह्यात एक भर घालतो, कारण त्या पिकाचं गणित मला सगळ्यात जास्त खुपतं. तुम्ही लुका देता, त्यामुळे लेकर्स पुढची सात-आठ वर्षं चांगले राहणार. चांगला संघ म्हणजे निवडीत शेवटचा क्रमांक. म्हणजे तुम्हीच दिलेल्या मालामुळे तुम्हाला मिळालेल्या पिकाचा भाव उतरतो! २०२९ मध्ये लुका तीस वर्षांचा, ऐन भरात. असा पिक एक घेतला काय नि दोन घेतले काय. पण लेकर्सकडे २०३१ चाही होता, तो तरी मागायचा. तोही ठेवून दिला.

उलट उदाहरण २०१३ चं. बॉस्टनने म्हातारे होत चाललेले गार्नेट आणि पिअर्स ब्रुकलिनला दिले, बदल्यात ब्रुकलिनचे पुढच्या वर्षांचे पिक घेतले. म्हाताऱ्यांचा दम संपला, ब्रुकलिन तळाला गेलं आणि पिकांचे भाव आभाळाला भिडले. त्यातून जेलन ब्राउन आला, जेसन टेटम आला. २०२४ च्या फायनलमध्ये लुकाच्या डॅलसला ४–१ ने हरवलं ते ह्याच दोघांनी. पिक घ्यायचा तर ज्याचं घर पडायला आलंय त्याचा घ्यावा.

---

कदंबाची_खिडकी · १४ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

डिचोलीची बस अजून सुटली नाही म्हणून लिहितेय.

सगळे विसवण, फणस, आंबे म्हणताय, एक आठवण करून देते की हा माणूस आहे. मध्यरात्री त्याला कळलं की तू आता ह्या शहरातला नाहीस. शिवाय त्याच्या खिशाला बसलेली चाट बघा. एकाच संघाकडे टिकून राहिलेल्या अव्वल खेळाडूला जास्तीत जास्त मोठा करार मिळतो. डॅलसमध्ये राहता तर उन्हाळ्यात पाच वर्षांचे साधारण ३४.५ कोटी डॉलर त्याला मिळू शकले असते. संघ बदलला, पात्रता गेली. ऑगस्टमध्ये लेकर्सशी केला तो तीन वर्षांचा, १६.५ कोटींचा. तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर, म्हणजे पुढे वसूल करेलही. पण सौद्यात त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. दोन्ही संघांना लाभ झाला असा सौदा हवा असेल तर फेब्रुवारी २०२२ बघा. सॅक्रमेंटोने टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला दिला, डोमांटास सबोनिस घेतला. तेव्हा सगळे सॅक्रमेंटोला हसले, एवढं कोवळं पोर कोणी देतं का म्हणून. पण त्यांच्याकडे डिॲरन फॉक्स होता. चेंडू हातात हवा असणारे दोघं एका संघात म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. सबोनिस आला नि पुढच्याच सीझनला ४८ विजय, सोळा वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. इंडियानाला हॅलिबर्टनभोवती संघ बांधता आला, २०२५ ला फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले.

मी शाळेत पीटी शिकवते. हाऊसच्या सामन्यांत निळ्या हाऊसकडे तीन उंच मुली आणि चेंडू पुढे नेणारी एकही नाही, पिवळ्याकडे नेमकं उलट. मी दोघींची अदलाबदल केली. दोन्ही हाऊसकडून पालक भांडायला आले, 'आमची चांगली मुलगी का दिली?' दोन्ही हाऊस पहिल्यापेक्षा बरे खेळले, तरी पालक अजून बोलतात.

बस सुटली.

---

मडगावकर_२३ · सकाळी ८.०५

गुरुजींचा मुद्दा मान्य. चुकलो, बाई म्हणायचं होतं. पण लेकर्सचा हिशेब कोणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. आमचा हुकमी एक्का लेब्रॉन जेम्स चाळिशीत. तो गेल्यावर काय, ही चिंता आम्हाला पाच वर्षं खात होती. ती एका रात्रीत गेली. तेही संघ न मोडता! २०१९ मध्ये ह्याच डेव्हिससाठी आम्ही ब्रँडन इंग्रॅम, लोन्झो बॉल, जॉश हार्ट आणि तीन पहिल्या फेरीचे पिक मोजले होते. तेव्हाही लोक म्हणाले, फार दिलं. २०२० ला अजिंक्यपद आलं, सगळे गप्प. तोच डेव्हिस साडेपाच वर्षं वापरून, बत्तिशीला टेकल्यावर, लुकाच्या बदल्यात गेला. जुनी स्कूटर देऊन नवी बुलेट आणणं ह्यालाच म्हणतात.

१० एप्रिलला पहाटे उठून बघितलं होतं. लुका डॅलसमध्ये परत गेला, सामन्याआधी त्याच्यावरची चित्रफीत लावली, बाकावर बसून रडला, मग उठून ४५ गुण. आईने विचारलं, पहाटे पाचला कोण मेलं, तू का डोळे पुसतोस?

---

कुळागर · सकाळी ९.१२

बुलेट आली, पण मागचं चाक कुठे ठेवलंत?

डेव्हिस गेला म्हणजे रिंगखालचा पहारा गेला. लेकर्सना ते तेव्हाच कळलं होतं, म्हणून आठवडा उलटायच्या आत शार्लटकडून मार्क विल्यम्स आणायचा सौदा केला, त्यात वाचवलेला २०३१ चा पिकही दिला होता. वैद्यकीय तपासणीत अडलं आणि सौदा रद्द झाला. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत मिनेसोटाने ४–१ ने घरी पाठवलं. शेवटच्या सामन्यात त्यांच्या रूडी गोबेअरचे २७ गुण, २४ रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू). पन्नास विजय, लीगच्या पश्चिम गटात तिसरा क्रमांक, आणि गोबेअरला अडवायला माणूस नाही. उन्हाळ्यात डिआंड्रे एटन आणला तो ह्याच भोकाला ठिगळ लावायला. 

लेकर्सचा सौदा उत्तमच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याचं फळ पहिल्या वर्षी मिळालं नाही, हेही मांडा.

आता पावणीवाल्या साहेबांना उत्तर. आमचं कुळागर आहे, सुपारी-केळी-मिरी. काकांना एकदा त्यातला तुकडा विकायचा होता. चार जणांना विचारलं. आठ दिवसांत गावभर झालं, ह्यांना पैशांची अडचण आहे. मग येणारा प्रत्येक जण पाडूनच मागायला लागला. शेवटी पहिल्याने सांगितलेल्या भावापेक्षा कमीत गेलं. विकायचंय हे कळलं की मालाचा भाव पडतो, बाब. लुका बाजारात आहे हे फुटलं असतं तर त्याच दिवशी त्याच्या एजंटने निम्म्या संघांना कळवलं असतं, तुमच्याकडे करार वाढवणार नाही. अर्धे गिऱ्हाइक तिथेच गळले. आणि सौदा फिसकटला असता तर? मोडलेलं मन घेऊन तोच खेळाडू तुमच्याच संघात. हॅरिसन गुपचूप का गेला हे मला कळतं. 

दुसरं, एवढ्या लवकर निकाल देऊ नका. २००८ मध्ये मेम्फिसने पाव गसोल लेकर्सना दिला तेव्हाही असंच छी-थू झालं होतं. लेकर्स २००९ आणि २०१० ला जिंकले, हसणारे आणखी हसले. पण मेम्फिसला त्यात पावच्या धाकट्या भावाचे, मार्कचे, हक्क मिळाले होते. तेव्हा त्याला कोणी मोजलंच नव्हतं. तो २०१३ ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि त्याच वर्षी मेम्फिस पश्चिमेच्या फायनलला पोचलं.

---

शिगमो · सकाळी ९.३०

आणि कूपर फ्लॅगला सगळे विसरले का? लुका गेला म्हणून डॅलस पडलं, पडलं म्हणून लॉटरीत (हरलेल्या संघांचा निवडीचा क्रमांक ठरवणारी सोडत) गेलं, लॉटरीत गेलं म्हणून पहिला क्रमांक आणि फ्लॅग. अठरा वर्षांचं पोर, पुढची पंधरा वर्षं घ्या. आहे की नाही निकोची चाल? 😎

---

पॉइंटगार्ड_फोंडा · दुपारी १.५०

जेवून बसलो, एकेकाला घेतो.

शिगमो, पहिला क्रमांक येण्याची डॅलसची शक्यता १.८ टक्के होती. मटका लागला म्हणून बायकोचं मंगळसूत्र विकून आकडा लावणारा शहाणा ठरत नाही. शिवाय हॅरिसनला हरायचं नव्हतंच! त्याचं म्हणणं होतं की बचावाने अजिंक्यपदं येतात, आम्ही आत्ता जिंकायला सज्ज आहोत. म्हणजे त्याच्या स्वतःच्या हिशेबात फ्लॅग हे अपयशाचं बक्षीस आहे. 'आत्ता'साठी सौदा केला आणि त्या 'आत्ता'चं काय झालं बघा. डेव्हिसचा पहिला सामना: २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट, सगळे म्हणाले वा! आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये जांघेचा स्नायू गेला. त्या सीझनला डॅलससाठी एकूण नऊ सामने. ३ मार्चला डॅलसचा दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्व्हिंग याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. ३९ विजय, ४३ पराभव.

दुखापत म्हणजे दैव, असं कोणी म्हणेल. अर्व्हिंगचं मानतो. डेव्हिसचं नाही. तो अंगाने नाजूक आहे हे लीगमधल्या पाणी देणाऱ्या पोरालाही माहीत होतं. आणि लुका वजनाने, पोटरीने कुरकुरतो म्हणून त्याला देऊन डेव्हिस घेणं म्हणजे... जाऊ दे.

कुळागर, तुझा मुद्दा मात्र मला रात्रभर पुरेल असा आहे. विकायचंय हे कळलं की भाव पडतो, खरं. पण काकांना अडचण होती ना? घाई होती. डॅलसला कसली घाई? लुकाचा करार दीड सीझन तरी बाकी होता. घाई नसलेला माणूस तीन गिऱ्हाइकं गुपचूप बघू शकतो. पूर्ण गावात दवंडी नको, पण निदान दोन वाडे? लेकर्सनाही वाटायला हवं होतं की आपण मागे हटलो तर दुसरा कोणी नेईल. ती भीतीच नव्हती, म्हणून २०३१ चा पिक वाचला.

मेम्फिसच्या बाबतीत मी हरलो. मार्क गसोल मला आठवला नव्हता. पण त्या सौद्यात निदान एक कोवळं रोप होतं. डॅलसच्या टोपलीत रोप कुठलं? क्रिस्टी बरा निघाला, तेवढाच.

---

कुळागर · दुपारी २.२०

क्रिस्टी बरा निघाला हे मान्य केलंस, तेवढ्यावर आज मी खूश.

दोन वाड्यांचं म्हणणं पटतंय. माझ्या काकांना मी हेच सांगायला हवं होतं, पण तेव्हा मी आठवीत होतो.

---

कदंबाची_खिडकी · दुपारी ४.४०

मधल्या सुट्टीत वाचलं. वयाबद्दल कोणी नीट बोललं नाही. डॅलसचा डेव्हिस बत्तिशीला, अर्व्हिंग तेहतिशीला टेकलेला. दोघांचा मिळून जिंकण्याचा काळ फार तर दोन-तीन सीझन. डेरेक लाइव्हली मात्र विशीचा. आणि आता फ्लॅग अठराचा! म्हणजे एका संघात दोन घड्याळं, एक निवृत्तीचं, एक बारावीच्या निकालाचं. फ्लॅग भरात येईल तेव्हा डेव्हिस कुठे असेल? आज ना उद्या डेव्हिसलाही विकावं लागणार आणि तेव्हा गिऱ्हाइकाला ठाऊक असेल की ह्यांना विकायचंच आहे. तेव्हा काकांची गोष्ट पुन्हा वाचू.

घड्याळाचा सगळ्यात भारी नमुना ऑक्लाहोमाचा. २०१९ ला पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला, घेतलं काय? शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पाच पहिल्या फेरीचे पिक आणि वर दोनदा अदलाबदलीचा हक्क. त्यातल्याच एका पिकातून जेलन विल्यम्स. २०२५ चे विजेते कोण, शे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू कसा, सांगायला नको. पण क्लिपर्सना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांना जॉर्ज हवा होता कारण तो आला तरच कवाय लेनर्ड येणार होता. एकाच्या किमतीत दोन घेतले त्यांनी. २०२१ ला एकदा पश्चिमेच्या फायनलपर्यंत गेले, पुढे गुडघे नि स्नायूंनी साथ दिली नाही, आणि २०२४ ला जॉर्ज काही न देता निघून गेला. निर्णय समजण्यासारखा, फळ कडू. डॅलसचा निर्णयच समजत नाही, हा फरक.

---

मडगावकर_२३ · संध्याकाळी ६.०५

गंमत म्हणजे लुका मुळात डॅलसला आला तोही अदलाबदलीतच. २०१८ ला तिसऱ्या क्रमांकावर त्याला निवडलं अटलांटाने, आणि त्याच रात्री ट्रे यंग आणि एका पिकाच्या बदल्यात डॅलसला दिला. तेव्हा बाजारात शहाणे ठरले डॅलसवाले. त्यांनाच सात वर्षांनी बाजाराचा विसर पडला!

---

मांडवीपार · रात्री ८.५०

सगळं मुलासोबत बसून वाचलं. तो म्हणतो, पप्पा, आता तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलाल. एकच राहिलं. डॅलस कळलं, लेकर्स कळले. त्या युटाला काय मिळालं? तो हूड का कोण तो?

---

कुळागर · रात्री ९.०२

त्याला त्यांनी थोड्याच दिवसांत मोकळा केला. दोन पिक ठेवून घेतले.

पावणीला मागच्या खांबाला टेकून बसतो, एकदाही बोली लावत नाही, आणि जाताना दोन केळी पिशवीत घालून घरी जातो, असा एक जण प्रत्येक देवळात असतो. तो युटा.